गोवळकोंड्यातला लाकडी मनोरा

नवऱ्याच्या स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म मी धपाट्यांच्या डब्याखाली ठेवला होता. प्लास्टिकच्या पिशवीत, म्हणजे तेल लागणार नाही. बरोबर दोन पेने, कारण एक ऐन वेळी चालत नाही. सोमवारी संध्याकाळी पाचला मुदत संपत होती आणि तो दिवस रविवार होता. नवऱ्याला वाटत होते, मुलीच्या हट्टाखातर आपण गोवळकोंड्याला शिल्पांचे प्रदर्शन बघायला चाललो आहोत. मुलीचा हट्ट होताच. पण अंबरपेठच्या आमच्या दोन खोल्यांत हा विषय निघाला की तो उठून गच्चीवर जायचा. किल्ल्यात उठून जाऊन जाऊन कुठे जाईल, असा माझा विचार होता.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. उदारीकरण हा शब्द तेव्हा पेपरात रोज असे. आमच्या गल्लीत केबल आली होती, नल्लकुंट्याच्या बाजाराकडे जाताना दर चार दुकानांमागे एसटीडीची पिवळी पाटी दिसायची. आणि नवऱ्याचा सरकारी कारखाना बसत चालला होता. तिथे पाण्याचे मोठे पंप बनत. बाहेरचे पंप स्वस्तात मिळू लागले तशी आधी रात्रपाळी गेली, मग फाउंड्री बंद झाली. नोटिशीत शब्द होता ‘तात्पुरती’. त्याला आठ महिने झाले होते. माणसे सकाळी हजेरी लावत, पत्ते कुटत आणि संध्याकाळी घरी येत. मी तार्नाक्याच्या एका शाळेचे ऑफिस सांभाळत होते, त्यामुळे घर चालत होते. पण मुदत चुकवली आणि उद्या कारखाना पुरताच बंद पडला, तर याच्या हातात काय येईल ते कोणीच सांगत नव्हते. ज्यांना विचारायचे त्या सगळ्यांनी स्वतः सह्या करून टाकल्या होत्या.

नवरा पॅटर्नमेकर होता. म्हणजे सुतारच, पण कारखान्यातला. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा असला की आधी तो लाकडात घडवावा लागतो. तो लाकडी पॅटर्न वाळूत दाबतात, अलगद काढून घेतात, आणि उरलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओततात. रस थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न किंचित मोठा करायचा. त्यासाठी या लोकांची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा जरा मोठा. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्याने माझ्या स्वयंपाकघरासाठी फळी केली ती या पट्टीने मोजून. पाच फुटांची फळी अर्ध्या इंचाहून जास्त लांब झाली. ती कापायला त्याचा जीव होईना. त्याने भिंतीचा गिलावा खरवडला आणि फळी आत बसवली.

त्याचा मुद्दा एकच होता आणि तो त्याने आठ महिने सोडला नाही. “पॅटर्न आहेत ना आत? पॅटर्न आहेत तोवर फाउंड्री बंद झाली असं म्हणता येत नाही. भट्टी काय, आठवड्यात पेटते.” पॅटर्न स्टोअरमध्ये चाळीस वर्षांचे पॅटर्न होते. ज्या पंपांचे नाव कोणी घेत नाही त्यांचेसुद्धा. कधी कुठल्या गावाला सुटा भाग लागेल सांगता येत नाही म्हणून पॅटर्न टाकायचा नाही, हा तिथला नियम. स्टोअरची किल्ली सोळा वर्षे याच्याकडे होती. फाउंड्री बंद झाली तेव्हा त्याने ती ऑफिसात जमा केली आणि पोच घेतली. युनियनवाल्यांनी दिवाळीत सांगितले होते की मोठी ऑर्डर येतेय. हा त्या ऑर्डरीची वाट बघत होता.

अंबरपेठहून कोठी, कोठीहून मेहदीपट्टणम, तिथून किल्ला. तीन बसेस. आभाळ भरलेले होते, पाऊस नव्हता, नुसता मळकट उजेड. मुलगी कॉलेजात होती आणि चित्रकलेचा क्लास लावला होता. वाटेत ती बापाला तयार करत होती.

“बाबा, तिथं ‘हे काय आहे’ असं जोरात नको हां विचारू. सगळे बघतात.”

“बरं. हळू विचारीन.”

“नकोच विचारू ना. नुसतं फील करायचं.”

“तुझ्या आईला विचार. तिला तिकीट काढल्यावर नुसतं फील करणं जमतंय का.”

तो बऱ्या मूडमध्ये होता. मला तेच हवे होते.

किल्ल्यात नेहमीची गर्दी होती. दरवाज्याच्या घुमटाखाली गाइड टाळ्या वाजवून दाखवत होते आणि वरून कोणीतरी ऐकू आल्याचे ओरडून सांगत होते. प्रदर्शन आतल्या बागेत, पडक्या कमानींच्या मधल्या हिरवळीवर मांडले होते. दगडाच्या दोन-चार बायका, सायकलच्या चेनचा घोडा, सिमेंटचे काहीतरी गोल. मी भराभर बघून घेतले. सावलीची जागा हेरली, सतरंजी कुठे टाकायची ते ठरवले. आधी जेवण, मग फॉर्म. माझे मुद्दे पाठ होते. पंधरा दिवस शाळेत पावत्या फाडता फाडता मी ते जुळवले होते.

“आई, हे बघ. कलर्स बघ ना,” मुलगी म्हणाली.

शेवटच्या कमानीपाशी एक मनोरा उभा होता. दोन पुरुष उंच. लाकडाचे गोल, अर्धगोल, दंडगोल, शिंपल्यासारखे वळलेले मोठे तुकडे एकावर एक बसवलेले. कुठे लाल, कुठे काळा, टोकाटोकाला पिवळा. खरोखर उठून दिसत होते. दोन जोडपी त्याच्यापुढे उभी राहून फोटो काढत होती.

“असा रेड कोण लावतं? किती बोल्ड,” मुलगी म्हणाली.

“लाल म्हणजे तिथं मशीन फिरणार,” नवरा म्हणाला. “काळा तसाच राहणार. पिवळं टोक गाभ्याचं, आतली पोकळी ठेवायला.”

आवाज सरळ होता. जसा घरी समजावून सांगतो तसा. मी त्याच्याकडे पाहिले तर तो मनोऱ्याजवळ गेला होता आणि फोटो काढणाऱ्यांच्या मध्ये उभा होता. ती माणसे वैतागून बाजूला झाली. त्याने एका तुकड्याखाली हात घातला आणि बोटांनी चाचपले. मग दुसऱ्याखाली. तिसऱ्या ठिकाणी हात थांबला. तिथे काय आहे हे मला माहीत होते. आपण केलेल्या पॅटर्नच्या पोटाला तो बारीक गिरमिटाने तीन भोके पाडायचा. तिथला प्रत्येक जण आपली काही खूण ठेवायचा.

“बाबा, टच नाही करायचं!”

“करू दे,” मी म्हटले.

खाली पाटी होती. मुलीने वाचून दाखवली. शिल्पाचे नाव होते ‘विस्मरण’. माध्यम: लाकूड, फाउंड ऑब्जेक्ट्स.

“म्हणजे?”

“म्हणजे सापडलेल्या वस्तू, बाबा.”

“सापडलेल्या? हरवल्या कोणाच्या होत्या?”

तेवढ्यात शिल्पकार आला. तिशीतला, दाढीवाला, खांद्याला झोळी. रागावला असेल असे वाटले, पण उलट तो खूश होता. “अंकल, आप पहले आदमी हैं जो नीचे हात डालके देखे. बाकी लोगां बस फोटो लेते.”

“कहाँ मिले?” नवऱ्याने विचारले.

“लकड़ी की टाल पे. एक जान-पहचानवाला बोला, अजीब चीजां आए हैं, आके देखो. तीन लॉरी थे. मैं पहुँचने तक दो लॉरी का माल निकल गया था.” टाल म्हणजे लाकडाची वखार.

“कहाँ गया?”

“बेकरीवाले ले गए. भट्टी के वास्ते. सूखी लकड़ी ना, एकदम जलती.”

“कब की बात?”

“दसहरे से पहले की.”

नवऱ्याने मान हलवली. पॅटर्न विकले गेले दसऱ्याच्या आधी, आणि ऑर्डर येतेय असे सांगितले ते दिवाळीत. एवढा हिशेब करायला त्याला वेळ लागला नाही, मलाही नाही. मुलीला काहीच कळले नव्हते. मी तिला हळूच सांगितले. तिने तोंडावर हात ठेवला आणि पुन्हा मनोऱ्याकडे पाहिले नाही.

नवरा शिल्पकाराला एकेक तुकडा दाखवू लागला. ही पंपाची खोळ, हे पाते, ही बैठक. हा उलटा बसलाय. हे दोन एकमेकांचे नाहीत. शिल्पकाराने झोळीतून वही काढली आणि लिहून घेऊ लागला. दहा मिनिटे चालले असेल. मी शेजारी डबा घेऊन उभी होते. शेवटी त्या माणसाला उमगले.

“अंकल, ये आप बनाए?”

“ये वाला. और वो ऊपर का. बाकी दूसरे लोगां.”

शिल्पकाराने वही मिटली. मग म्हणाला, प्रदर्शन पुढच्या रविवारी संपते, त्यानंतर तुमचा तुकडा काढून देतो, घरी पोचवतो. बोलताना त्याने नवऱ्याचा हात धरला होता. चांगला माणूस होता. त्याने ते पॅटर्न घेतले नसते तर तेही बेकरीत गेले असते.

“नक्को,” नवरा म्हणाला. “ये आधा है. दो हिस्से रहते इसके, खुंटी से जुड़ते. दूसरा हिस्सा नहीं है तो इसका क्या करना?”

आणि मी मध्ये बोलले. “अहो घ्या की. सागवान आहे.”

मी वाईट हेतूने बोलले नाही. चांगले वाळलेले लाकूड होते, त्याचे काहीतरी झाले असते. घरात काही फुकट घालवायचे नाही ही माझी सवय. नवऱ्याने माझ्याकडे पाहिले. राग असता तर मला बरे वाटले असते. त्याने नुसते पाहिले आणि तो सावलीकडे चालू लागला.

जेवलो. मुलीने एकच धपाटे खाल्ले. नवऱ्याने तीन खाल्ले, दह्याबरोबर. घुमटाखालच्या टाळ्या अधूनमधून ऐकू येत होत्या. मी डबा पुसून बंद केला. फॉर्मचा विषय आज काढायचा नाही असे मी ठरवले होते. उद्या सकाळी बघू, पाचपर्यंत वेळ आहे.

“फॉर्म आणलायस ना?” तो म्हणाला.

मी डब्याचे झाकण पुन्हा दाबले.

“डब्याखाली आहे. सकाळी पाहिला मी. दे.”

मी दिला. त्याने तो पहिल्यांदाच वाचला. ड्रॉइंग वाचावे तसा, दोन्ही बाजूंनी, बोट फिरवत. एके ठिकाणी जन्मतारखेच्या रकान्यात मी पेन्सिलीने आधीच लिहून ठेवले होते. त्याने ते पेनाने गिरवले. डब्याच्या झाकणावर कागद ठेवून तीन ठिकाणी सह्या केल्या. पहिले पेन चाललेच. दुसरे लागले नाही.

“बाबा, घाई काय आहे?” मुलगी म्हणाली. “उद्या एकदा ऑफिसात विचारून तरी बघ.”

“काय विचारू? माझी पोच आहे, किल्लीची. त्यांच्याकडं किल्ली आहे.” मग तिला बरे वाटावे म्हणून म्हणाला, “तू म्हणालीस ते बरोबर आहे. रंग चांगले दिसतात उघड्यावर. आत कधी कळलं नव्हतं.”

मी फॉर्म पुन्हा पिशवीत घातला. मला हवे होते ते झाले होते. पंधरा दिवस जुळवलेल्या मुद्द्यांपैकी एकही वापरावा लागला नाही. ते सगळे माझ्या डोक्यात तसेच होते, आणि आता त्यांचे काय करायचे ते कळत नव्हते. मी सतरंजी झटकली, घडी घातली. घडी नीट झाली नाही म्हणून परत घातली.

मेहदीपट्टणमला बस बदलताना चहा घेतला. हॉटेलवाल्याने न मागता बेकरीच्या बिस्किटांची ताटली समोर ठेवली, तिथली पद्धतच ती. मुलीने एक उचलले आणि परत ठेवले. नवऱ्याने ताटली हलकेच सरकवून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेली आणि चहा बशीत ओतून प्यायला. बाहेर एका नव्या गाडीच्या जाहिरातीचा फलक लागला होता, त्यावर दिवे लावायचे काम चालले होते.

कोठीहून पुढच्या बसमध्ये आम्हा दोघांना शेजारी जागा मिळाली. काचिगुडा मागे पडले तसा तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, “सागवान आहे हे तुला कसं कळलं? वरून तर रंग होता.”

“वीस वर्षं ऐकतेय की.”

“हं.”

थोड्या वेळाने म्हणाला, “होतं मात्र चांगलं. बल्लारशाचं होतं.”

अंबरपेठ येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला. फॉर्म माझ्या मांडीवर होता.