बाथरूममधलं बटन

जळगाव जामोदमधलं आमचं घर आम्ही तयारच विकत घेतलं. बाथरूमचं बटन आत होतं, दाराच्या मागे, नळाच्या वर. म्हणजे आधी अंधारात आत जायचं, दार लावायचं आणि मग भिंत चाचपायची. खिडकी नावाला होती. शेजाऱ्यांची भिंत चढल्यापासून तिथून दुपारीही उजेड येत नसे. बटन तिथं का बसवलं असेल, याचा मी सुरुवातीला विचार केला. पुढे हात आपोआप जायला लागला आणि विचार थांबला.

सासरे गेल्यावर सासूबाई धामणगाव बढेहून आमच्याकडे राहायला आल्या. पंधरा-वीस दिवसांनी माझ्या लक्षात आलं की त्या आंघोळीला गेल्या की दाराखालून उजेड दिसत नाही. मला वाटलं, विसरल्या असतील. दुसऱ्या दिवशी वाटलं, बल्ब गेला असेल. आत जाऊन बटन दाबलं, तर लख्ख पेटला.

एका रविवारी बाथरूम रिकामं समजून मी दार ढकललं. कडी नीट बसली नव्हती. आतून आवाज आला, "कोन हाय?"

त्या पाटावर बसल्या होत्या, हातात तांब्या.

"आई, लाईट काऊन नाही लावला?"

"दिसते मले. तू जाय."

मी दार ओढून घेतलं आणि तशीच उभी राहिले. काही उलगडेना. भर दुपारी तांदूळ निवडतानाही स्वयंपाकघरातला लाईट लावून बसणारी ही बाई आंघोळ मात्र अंधारात करते? सासऱ्यांमागे काही नेम धरला असेल का? की माझंच काही चुकलं?

तालुक्याच्या कचेरीत कारकून असलेल्या माझ्या नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "तिले तशीच सवय असन." पण त्यांच्या गावच्या न्हाणीत बल्ब होता, मी स्वतः पाहिलेला.

मग मी त्यांच्या आधी जाऊन लाईट लावून ठेवायला लागले. त्या आंघोळ करून आल्या, पण लाईट तसाच जळत राहिला. घरातला बाकी प्रत्येक दिवा आठवणीनं बंद करणाऱ्या त्या, हा एकच सोडून! आता तर मी पुरतीच गोंधळले. शाळेत चाळीस पोरांना प्रश्न विचारणारी मी, घरात एका माणसाला नीट विचारू शकत नव्हते. विचारलं की त्या म्हणायच्या, "राहू दे वं बाई."

एक दिवस माझी सकाळची शाळा होती, मी लाईट न लावताच निघून गेले. परत आले तेव्हा सासूबाईंच्या कपाळावर टेंगूळ. अंधारात नळावर आपटल्या होत्या. त्याच संध्याकाळी मी लाईटवाल्या काकांना बोलावलं. म्हटलं, बटन सोयीच्या जागी तरी घेऊ.

काकांनी बटनाकडे पाहिलं, मग नळाकडे. "इथं कोनं बसवलं हो हे, म्याडम?" बोर्डाच्या स्क्रूला टेस्टर लावला, तर तो पेटला. "भिंत ओली हाय. करंट उतरून राह्यला."

"पण मी रोज लावते. मला कधी लागला नाही."

काकांनी माझ्या पायांकडे पाहिलं. निळ्या रबरी चपला. "ह्या घालूनच जाता ना आत?"

तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला. "मले दोनदा लागला."

मी वळून पाहिलं. त्या दाराला टेकून उभ्या होत्या, अनवाणी.

"आई! मग सांगतलं काऊन नाही?"

"मले वाटलं, तुमच्या इकडं असाच लागत असन. तू त रोज लावतं, काहीच म्हनत नाही. म्हटलं, आपल्यालेच सोसत नाही."

"आणि चपला घालायच्या ना!"

"न्हानीत चपला कोन घालते?"

काका हसले. मला हसू येईना, रडूही येईना. माझ्याच घरात ही बाई महिनाभर भीत आंघोळ करत होती, आणि मी कसला नेम धरलाय ते शोधत बसले होते.

काकांनी मेन बंद केला, भिंतीला आरपार भोक पाडून वायर बाहेर काढली. मग विचारलं, "आजी, हात कुठवर जाते?" सासूबाईंनी दाराशेजारी हात उचलला. काकांनी तिथंच पेन्सिलीनं खूण केली आणि बोर्ड बसवला. आतला जुना बोर्ड काढून ती जागा सिमेंटनं बुजवली.

दुसऱ्या दिवशी मी सवयीनं अंधारात शिरले, दार लावलं आणि ओल्या सिमेंटवर बोट दाबलं. दोनदा. क्षणभर कळेचना मी कुठे आहे ते. तिसऱ्या दिवशी नवऱ्यानं जाता जाता, उगाच जळतोय समजून लाईट बंद केला. आतून सासूबाई ओरडल्या, "आरे, मी हाय ना अंदर!"

आमच्या घरात त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

त्या दुपारी मी त्यांच्याजवळ बसले. "आई, अजून काही त्रास आहे का? खरं सांगा."

"नाही वं."

मी उठले नाही. त्यांनी पदर सारखा केला, मग खाटेकडे पाहत म्हणाल्या, "उशी थोडी उंच हाय."

खरंच उशीच उंच होती की मला बरं वाटावं म्हणून त्यांनी काहीतरी सांगितलं, ते मला अजून कळलेलं नाही. मी उशीतला निम्मा कापूस काढून टाकला.