गोठ्यातली जनावरं

दारावर काठी दोनदा वाजायची आणि बाहेरून प्रश्न यायचा, "जनावरं किती हायेत गोठ्यात?"

"चार," बायको आतून ओरडायची. म्हणजे मी, ती, थोरलं पोरगं आणि धाकटी लेक. पखालवाले चाचा मिशीतल्या मिशीत हसायचे, हेल्याच्या पाठीवरल्या कातडी पखालीचं तोंड सैल करायचे आणि उरलंसुरलं पाणी आमच्या घागरीत सोडायचे.

आता माणसांचा गोठा कसा झाला, ते तुम्हाला सांगायला हवं. शहाणपण माझंच.

हिंगोलीत रुळाच्या पल्याड कापसाचा कारखाना निघाला आणि आम्ही खेड्यापाड्यांतली माणसं तिथं येऊन पडलो. मी पुसेगावचा. बघता बघता शंभर झोपड्या झाल्या, पण विहीर एकही नव्हती. कचेरीनं एक हेला आणि एक पखाल लावून दिली, ती गावातल्या विहिरीवरून पाणी आणायची. घरं लिहायला कारकून आला तेव्हा मला गावाकडची वेठ आठवली. आमच्याकडं घर कागदावर चढलं की घरामागं एक माणूस वेठीला धरत. मी हात जोडून म्हणालो, "साहेब, हा गोठा हाय. आमी राखणीला ऱ्हातो." त्यानं गोठा लिहिला. मी आठ दिवस मिशीला पीळ देत हिंडलो.

मग त्याच कागदावरून पाणी वाटायला लागले. गोठ्याला पाणी नाही!

चाचा तरी द्यायचे. कागदातली घरं आधी, आमचं दार शेवटी. दर दोन-चार महिन्यांनी नवी रांग उभी राहायची. हेला मात्र तोच आणि पखालही तीच.

एकदा मी म्हणालो, "चाचा, कचेरीत तुमीच सांगा की, हे घर हाय म्हून."

"तुमी सांगा, दादा. मी पाणी वाहतो, कागद न्हाई वाहत."

"उद्या जातो."

"बराबर. उद्या जा."

मी गेलो नाही. खोटं लिहून दिलं म्हणून धरतील, ही भीती. असे किती उद्या गेले, कोण जाणे.

उन्हाळ्यात विहीर खाली गेली. पखाल अर्धीच यायची आणि आमच्यापर्यंत येता येता रिकामी व्हायची. तरी चाचा येऊन काठी वाजवायचे. "आज न्हाई उरलं, बाई," एवढं सांगायला. दुसरा कोणी असता तर परस्पर गेला असता. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी बायकोनं रुळाकडच्या खड्ड्यातलं पाणी गाळून आणलं. वस्तीत पटकी होतीच. धाकटी दुपारपर्यंत खेळत होती आणि दिवस मावळायच्या आत गेली.

मला रडू आलं नाही. अजून येत नाही. माती देऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी पाळीवर गेलो.

त्याच सकाळी, मी निघायच्या आत, काठी वाजली; त्या दिवशी पाणी उरलं होतं. चाचांना ठाऊक नव्हतं.

"जनावरं किती हायेत गोठ्यात?"

"तीन," बायको म्हणाली.

चाचांनी पखालीचं तोंड सोडलं. घागर भरली आणि पाणी काठावरून वाहून मातीत जायला लागलं, तरी ते धरूनच उभे. शेवटी बायकोनंच घागर बाजूला घेतली. तो प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही.

दुसऱ्या दिवसापासून चाचा हेल्याला थेट आमच्या दाराशी आणायचे. पहिलं पाणी आम्हाला, मग उलटं मोजत पुढची घरं. पंधरा-वीस दिवस असंच चाललं. पुढच्या रांगेनं बोंब ठोकली आणि तोच कारकून वस्तीत आला. सगळ्यांसमोर त्यानं विचारलं, "घरं सोडून गोठ्याला आधी पाणी काहून?"

"मुकी जनावरं हायेत, साहेब," चाचा म्हणाले. "त्यायला सांगता येत न्हाई."

मी चार हात लांब उभा होतो. चाचांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मी एक शब्द बोललो असतो तर... पण मी खरंच मुकं जनावर निघालो.

चाचांना त्याच दिवशी काढलं. दुखणं हेल्याला अन् डाग पखालीला. ते कुठं गेले, कोणाला ठाऊक नाही. कोणी म्हणालं वसमतला लेकीकडं. मी शोधायलाही गेलो नाही.

दुसऱ्या सकाळी नवा माणूस आला. काठी वाजली नाही, म्हणून मी बाहेर पाहिलं. हेला पुढची सगळी रांग सोडून सवयीनं आमच्या दाराशी येऊन उभा होता. नवा माणूस कासरा ओढून घामाघूम झालेला.

"हे इथं काहून थांबून राहिलं? गोठा हाय ना हा?"

"न्हाई," मी म्हणालो. "घर हाय. तीन माणसं ऱ्हातात."

"कागदात गोठा हाय," असं म्हणून त्यानं हेल्याला फटका मारला. हेला हलला नाही.