तिसऱ्या गिअरचा कौल

दोन गोष्टींतली एक निवडायची पाळी ज्याच्यावर देवानं कधी आणू नये असा माणूस जगाच्या पाठीवर एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. हॉटेलात कुणी 'चहा की कॉफी' विचारलं, की मामा शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी गृहस्थाकडे वळून, "तुम्ही काय घेतलंत? बरं आहे का?" अशी चौकशी करत. तो गृहस्थ उठून जाईपर्यंत गप्पा रंगत आणि चहा राहून जाई. दिवाळीला दोन शर्टांतला कुठला घ्यावा हे दुकान बंद व्हायची वेळ आली तरी ठरेना, म्हणून त्यांनी जुनाच इस्त्री करून घातला होता. त्यांचे वडील धारवाडातले मोठे वकील. त्यांनी मुलाला सांगितलं, वकिली कर, नाहीतर सरकारी नोकरी धर. मामांना दोन्हींतलं एक ठरेना, म्हणून त्यांनी ट्रक घेतला. धारवाडच्या मळमड्डीत मास्तर, वकील आणि पेन्शनर यांच्या त्या सोवळ्या आळीत दारात ट्रक उभा असलेलं घर ते एकच. पाहुण्यांना पत्ता सांगायला बरं पडायचं, एवढाच काय तो आळीला त्याचा उपयोग.

ट्रक ते स्वतःच चालवत. माणसांशी मराठी आणि ट्रकशी कानडी, असा त्यांचा शिरस्ता होता. चढ लागला की स्टिअरिंगवर थोपटत "नडी तम्मा, नडी" म्हणायचे, म्हणजे चल रे बाळा, चल. माझं नुकतंच लग्न झालेलं, नव्वद सालाच्या पुढेमागे. मी धारवाडातच सप्तापूरला भाड्याच्या खोलीत राहून कॉलेजात इतिहास शिकवत होतो. ट्रकशी मराठीत का बोलत नाही, असं मी एकदा विचारलं. मामांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "ती गाडी इथलीच की हो, जावईबापू. तिला मराठी कुठलं कळायला?"

अशा या माणसाच्या ट्रकचा तिसरा गिअर सटकायला लागला. टाकला की राहायचा, पण उतारावर खाड्कन आपोआप निसटून गाडी न्यूट्रल व्हायची. सपाटीवर ठीक आहे हो, पण मामा माल घेऊन गोव्याला जायचे, आणि वाटेत अनमोडचा घाट. एकदा सुट्टी होती म्हणून हौसेनं मी त्यांच्याबरोबर गेलो. घाट लागला तसा मामांनी डावा पंजा गिअरच्या दांड्यावर दाबून धरला तो खाली पोहोचेपर्यंत काढला नाही. नुसत्या उजव्या हातानं ती सगळी वळणं घेतली. बोलणं चालू होतं, आवाज नेहमीचाच होता, पण मानेवरून घाम निथळत होता. खाली उतरल्यावर मी विचारलं, हात निसटला असता तर? मामा म्हणाले, "तर ब्रेक आहेत की." जरा थांबून म्हणाले, "आहेत म्हणजे, असतात."

आणि इकडे मळमड्डीत मामी. घाट उतरल्यावर एसटीडी बूथवरून मामा शेजाऱ्यांच्या फोनवर दोनच शब्द सांगत, "घाट उतरलो." तो निरोप येईपर्यंत मामी मेथीची जुडी घेऊन बसत आणि निवडलेलीच भाजी पुन्हा निवडत. मामा परत आले की त्यांच्या डाव्या खांद्याला खोबरेल चोळून देत. चोळताना त्यांचा हात जरा जास्तच जोरात चालायचा.

गिअरबॉक्स दुरुस्त करावा की बदलावा, एवढाच प्रश्न होता. दुसऱ्या कुणी तो गॅरेजमध्ये उभ्या उभ्या सोडवला असता. मामांनी त्यासाठी धारवाड पिंजून काढलं. त्यांच्या वकील बंधूंनी सांगितलं, दुरुस्ती म्हणजे तडजोड, ती नेहमी बरी. दातांच्या डॉक्टरनं सांगितलं, हलायला लागलेलं ठेवू नये. मी बदला म्हणालो, तर मला म्हणाले, "तुमचं वय आहे हो, तुम्हाला बदलणं सोपं वाटणारच." शेवटी हुबळीच्या मेस्त्रीकडे गेले. तो बिचारा कितव्यांदा तरी सांगत होता, "मामा, दुरुस्त केला तर वर्षभर चालेल. बदलला तर मी मरेपर्यंत बघायला नको." मामांनी त्याला अगदी मनापासून विचारलं, "तुझी तब्येत कशी असते?"

मग मामांनी ठरवलं, म्हणजे निदान एवढं तरी ठरवलं, की देवाला कौल लावायचा. अळणावरकडच्या एका खेड्यात त्यांचं कुलदैवत. ट्रक घेऊनच गेलो, मामा, मामी आणि मी. पुजाऱ्यानं देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. मामांनी डोळे मिटून, हात जोडून देवाला गिअरबॉक्सची सगळी हकीकत सांगितली आणि शेवटी विचारलं, "तर देवा, दुरुस्त करू की बदलू?" उजवी कळी टपकन पडली. मामांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. अंगारा लावला, नारळ फोडला, ट्रकच्या पायरीवर पाय ठेवला आणि तिथंच थबकले.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "देव हो म्हणाला. पण कशाला?"

मला हसू आवरेना. मामा परत गाभाऱ्यापाशी गेले, पण पुजारी काही ऐकेना. एका कामाला एकदाच कौल, ही थट्टा नव्हे, म्हणाला. मामा देवळाच्या पायरीवर बसले. त्यांचं तोंड एवढंसं झालेलं पाहून माझं हसू आपोआप थांबलं. जन्मभर सगळ्यांना विचारत आलेल्या माणसाला आता विचारायला कुणी उरलं नव्हतं.

तेव्हा मामी पुढे आल्या. पदर सारखा करून त्या म्हणाल्या, "तुम्ही देवाला गाडीचं विचारलंत. मी त्याला घरात बसून रोज एकच विचारते, हा माणूस घाट उतरून येईल का. त्याला तो हो म्हणालाय. आता मुकाट्यानं बदला तो डबा."

मामा पायरीवरून उठले. मग म्हणाले, "बदलतो." कुणालाही न विचारता त्यांनी घेतलेला मला ठाऊक असलेला हा एकमेव निर्णय, आणि तोही मामींनी घेतलेला.

नवा गिअरबॉक्स बसला. तिसरा गिअर जागचा हलेना, पण मामांचा पंजाही हलेना. उतार आला की तो दांड्यावर गेलाच. मेस्त्री कळवळून सांगायचा, "हात काढा मामा, अशानं नवासुद्धा झिजेल." मामा म्हणायचे, "धरत नाही रे, नुसता ठेवलाय." पुढे खांदा चालेना तेव्हा ट्रक विकला. तोवर मी हुबळीला विद्यानगरात राहायला गेलो होतो, एक लहानशी गाडी घेतली होती. वर्षातून एकदा त्या दोघांना देवाला घेऊन जायचो. मामा माझ्या शेजारी बसत. अळणावरच्या वाटेवर उतार लागला की त्यांचा हात येऊन गिअरवरच्या माझ्या हातावर बसे. मागून मामी म्हणत, "सोडा की हो, त्यांची गाडी नवी आहे." मामा म्हणत, "असू दे, नुसता ठेवलाय." मला त्या हाताचं ओझं कधी वाटलं नाही.

मामा जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांची फार आठवण येते. देवाला मी अजून जातो, मामींना घेऊन. त्या आता पुढे बसतात. गेल्या खेपेला तो उतार आला, तशा त्या समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "जावईबापू, तेवढा धरा हो."

माझ्या गाडीचा तिसरा गिअर आजवर कधी सुटलेला नाही. मी उतार संपेपर्यंत धरून ठेवला.