पान उलटायचं राहिलं

महायुद्धाच्या दिवसांत नगरच्या कॅम्पातल्या चर्चमध्ये फ्रेंच संगीताचा जलसा झाला आणि त्यात मी माझी चांगलीच शोभा करून घेतली.

मी तेव्हा मिशनच्या शाळेत नवी शिक्षिका होते. विलायती स्वरलिपी वाचता येते याचा मला भारी ताठा. चर्चचा मोठा ऑर्गन वाजवणाऱ्या मडमनं मला शेजारी उभं राहून पानं उलटायला सांगितलं. हे नीट पार पडलं, तर दर गुरुवारी ऑर्गन शिकवीन म्हणाली. मला दुसरं काही नकोच होतं. पान नेमकं कधी उलटायचं, हे विचारलं तर अडाणीपणा दिसेल म्हणून मी विचारलंच नाही.

कोल्हारहून बाबा मुद्दाम आले होते. शेती करून ते गावच्या चर्चमध्ये भजनाला पेटी वाजवायचे. ते मागच्या बाकावर बसले. पुढे गोऱ्या सोल्जरांचा वाद्यवृंद होता.

सुरुवातीची पानं बरी गेली. मग संथ भाग आला. व्हायोलिनं हळू झाली आणि खालून ऑर्गनचा सूर असा भरून आला की पायाखालची फरशी थरथरू लागली. मी लिपीतली जागाच हरवून बसले. तेवढ्यात मडमनं माझ्याकडे बघून मान हलवली. आमच्या भजनात सूर लागला की सगळे अशीच मान हलवतात. मला वाटलं, बाई रंगली. मीही मान डोलावली. तिनं पुन्हा जोरात हलवली. मी डोळे मिटून आणखी डोलले.

ऑर्गन थांबला. डोळे उघडले तर मडम एका हातानं घाईघाईनं पान उलटत होती आणि व्हायोलिनं एकटीच पुढे चालली होती. मडम पुन्हा त्यांना गाठेपर्यंत मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जलसा संपल्यावर बाहेर बाबा हसतमुखानं उभे होते. म्हणाले, "तू अन् मडमबाई कशा एका तालात मान डोलवत हुत्या. लई ग्वाड वाटलं. आपली पोर त्यांच्या बरोबरीची दिसली बग."

तेवढ्यात मडम आली. ती रागावली नव्हती. मान हलवली की पान उलटायचं, हा इशारा आधी सांगायला हवा होता, चूक आपलीच, असं ती मला हळूच इंग्रजीत म्हणाली. मग बाबांकडे वळून तिनं मराठीत सांगितलं, "हिला गुरुवारी पाठवा."

बाबांनी हात जोडले. मी मात्र खाली बघत म्हटलं, "मला जमायचं नाही. शाळेचं काम असतं."

बाबांचे हात जोडलेलेच राहिले. माझं काय बिनसलं, हे त्यांना कळेना. त्यांना मी मडमच्या बरोबरीची वाटले होते; आता ऑर्गनच्या बाकावर बसून नवशिकीसारखा पहिला सूर दाबायची हिंमत माझ्यात उरली नव्हती, आणि नंतरही ती कधी आली नाही.