प्रतिपक्षाच्या राणीची बाजू

दर रविवारी दुपारी माझी नात आणि तिच्या महाविद्यालयातल्या दोन मैत्रिणी आमच्या माजघरात बसून एक परदेशी मालिका पाहत असत. एक मैत्रीण हातखंब्याहून एसटीने येई, दुसरी आमच्याच आळीतली. मालिकेत राजा वारला आहे. त्याची मुलगी सिंहासन मागते, आणि त्याच्या धाकट्या भावाची विधवा तेच आपल्या अल्पवयीन मुलासाठी मागते. खऱ्या वारसाच्या आज्ञेने समुद्र मागे हटतो अशी तिथली श्रद्धा आहे. तो अजून कोणासाठीच हटलेला नव्हता.

मुली राजकन्येच्या बाजूच्या होत्या. नात या मालिकेविषयी इंटरनेटवर लिहीत असे आणि तिचे वाचकही त्याच बाजूचे. मी मागे आरामखुर्चीत जपमाळ घेऊन बसे. एकदा नात मागे न वळताच म्हणाली, "आजोबा, तो बाळराजा काहीही करो, तुम्ही त्याला पोर म्हणून सोडून देता. राजकन्येनं तेच केलं की तुमची माळ थांबते."

ते खरे होते. मी खजील झालो, आणि तेव्हापासून अधिक सावधपणे पाहू लागलो. मग मुलींचा पक्षपातही दिसू लागला. राजकन्येने एका कोळीवाड्याच्या होड्या जाळल्या, त्याला त्यांनी नाइलाज म्हटले. विधवेने धान्याची कोठारे बंद केली, तेव्हा हातखंब्याची मुलगी फणसाचे गरे खाता खाता म्हणाली, "नवऱ्याला गिळून बसलेय, आता राज्य गिळतेय." तिघी हसल्या. हेच शब्द मी लहानपणी माझ्या विधवा आत्येविषयी ऐकले होते. बोलणारे पुरुष होते, आणि तेही असेच हसत.

त्या संध्याकाळी मी नातीला आमच्या पाठशाळेतली रीत सांगितली. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याने स्वतः मान डोलवावी इतक्या प्रामाणिकपणे मांडल्याशिवाय गुरुजी आम्हांला आपले मत उच्चारू देत नसत. त्या विधवेचा असा पूर्वपक्ष, म्हणजे तिची बाजू, लिहून पाहा, असे मी सुचवले. नातीने तीन दिवस खपून तो लिहिला आणि इंटरनेटवर टाकला. आपल्या बाजूची असेपर्यंतच आपण स्त्रीचा कैवार घेणार असू, तर तो स्त्रियांचा कैवार नव्हे, आपल्या आवडीचा आहे, असे तिने शेवटी म्हटले होते. वाचताना मला अभिमान वाटला, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिचा फोन थरथरू लागला. तिला फितूर म्हटले गेले, आणखीही बरेच काही, जे तिने मला वाचू दिले नाही. कोणीतरी तिच्या महाविद्यालयाच्या फाटकाचे छायाचित्र टाकले. हातखंब्याच्या मैत्रिणीने कळवले की रविवारपर्यंत ते लेखन काढले नाही, तर ती येणार नाही.

माझी चूक मला तेव्हा उमगली. शास्त्रार्थाच्या सभेत पूर्वपक्ष ऐकायला प्रतिपक्षी समोर बसलेला असतो आणि मर्यादा राखायला अध्यक्ष असतो. इथे यांपैकी कोणीच नव्हते. ऐकणारे सगळे तिच्याच बाजूचे होते, आणि त्यांच्यापुढे मी तिला एकटे उभे केले होते. पूजेत रोजची सूक्ते म्हणताना ऋचा गळू लागल्या. दोन दिवस मी काठी घेऊन रिक्षाथांब्यापर्यंत तिच्यासोबत गेलो. तिने नको म्हटले नाही, याचीच मला अधिक भीती वाटली.

शेवटी मी म्हणालो, "काढून टाक ते. नाहीतर खाली लिही, की हे आजोबांनी लिहायला सांगितलं होतं."

ती ताटातल्या पिठल्यात बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे पुन्हा कोणातरी पुरुषानं शिकवलं म्हणून बाई बोलली, असंच ना? नको आजोबा. तुम्ही रीत सांगितलीत. लिहिलंय मी, आणि मला ते पटलंय."

ती जेवली मात्र नाही.

रविवारी आळीतली मुलगी आली. नेहमीची नातीशेजारची जागा सोडून भिंतीला टेकून बसली. हातखंब्याच्या गाडीची वेळ होऊन गेली. नात पाणी आणायला उठली, पंखा कमी करायला उठली, आणि एकदा अंगणाच्या फाटकापर्यंत जाऊन आली. मग तिने मालिका लावली.

पहिल्याच प्रसंगात विधवा समोर आली. आळीतल्या मुलीच्या तोंडून सवयीने शब्द सुटला, "नवऱ्याला..." आणि ती नातीकडे पाहून थांबली. नातीने मान वळवली नाही.

राज्य कोणाला मिळावे, याची मला आता फिकीर उरली नव्हती. माळ हातात घेऊन मी देवाकडे एवढेच मागत होतो, की त्या बाईच्या हातून आज असे काही न घडो, ज्याचा जाब उद्या माझ्या नातीला विचारला जाईल.