मेथीचा लाडू आणि 'अबॉमिनेट'

एका शब्दानं माणसाचं काय बिघडतं, असं तुम्हाला वाटत असेल तर ऐका. लग्नानंतर दीड महिना मी सासरी 'अबोल पण गुणी' म्हणून मिरवले, आणि एका इंग्रजी वाक्यात ते सगळं घालवून बसले.

आमचं घर इंदिरानगरला. सासरे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. तिथं मशिनी सांभाळल्या, आता घरी इंग्रजी शब्द सांभाळतात. रोज सकाळी फ्रिजशेजारच्या फळ्यावर खडूनं एक अवघड शब्द, त्याचा अर्थ आणि तो कुठून आला ते. नाश्त्याला प्रत्येकानं त्याचं वाक्य करायचं. अट एकच, वाक्य खरं हवं. पासष्टाव्या वर्षी शिकण्याची एवढी हौस मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. खरं सांगू का, मी या घरात रुळले ती त्या फळ्यामुळे.

अडचण होती सासूबाईंच्या मेथीच्या लाडवाची. पहिल्या सकाळी मी "छान झालाय, आई" म्हणाले. नवी सून दुसरं काय म्हणणार? तेव्हापासून रोज एक लाडू, खास माझ्यासाठी. आणि कडू किती? दुपारचा चहासुद्धा कडू लागायचा.

त्या दिवशी फळ्यावर होतं 'अबॉमिनेट'.

"नुसतं नावडणं नाही बरं का," बाबा खडू झटकत म्हणाले. "मूळ लॅटिन. 'अब' म्हणजे दूर, 'ओमेन' म्हणजे शकुन. अपशकुन दिसला की आपण तोंड फिरवून 'टळो बाबा' म्हणतो ना, तितकं नकोसं होणं. चल निखिल, तू सांग."

नवऱ्यानं ट्रॅफिकवर भागवलं. मग माझी पाळी. आई आत पोहे परतत होत्या. वाक्य खरं हवं, आणि आईंना इंग्रजी कुठं कळतंय? मी म्हणाले, "आय अबॉमिनेट मेथी लाडू."

"वा, कर्ता, क्रियापद, कर्म, सगळं जागेवर." बाबांनी ते मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहिलंसुद्धा. निखिल टेबलाखालून मला लाथा मारत होता.

आत उलथन्याचा आवाज थांबला. आई बाहेर आल्या, फळ्यासमोर उभ्या राहिल्या.

"सहा वर्षं यांचे शब्द ऐकत पोहे करतेय मी, सायली," त्या शांतपणे म्हणाल्या. "म्हणजे रोज लाडू घेऊन गॅलरीत जातेस आणि तुळशीकडे तोंड करतेस, ते हे होय?"

लाडू गिळताना वाकडं होणारं तोंड कुणाला दिसू नये म्हणून मी तिकडे वळायचे, आणि मला वाटत होतं, ते कुणी पाहिलेलं नाही. मी मान खाली घातली. दीड महिन्याची माया गेली, आता माहेरी फोन जाणार, एवढंच डोक्यात.

"अगं, मला वाटलं नैवेद्य दाखवतेस. अख्ख्या सोसायटीला सांगत सुटलेय, सून तुळशीला दाखवल्याशिवाय घास घेत नाही म्हणून."

बाबांना ठसका लागला. आईंनी डब्यातला एक लाडू उचलला, तुकडा मोडून चावला, आणि त्यांचंच तोंड वाकडं झालं.

"कडू आहे खरा. या दोघांनी कधीच सोडले. म्हटलं, एक तरी माणूस आवडीनं खातंय." मग हसायलाच लागल्या. "लाडू बंद. पण तुळशीचं चालू ठेव हं. माझी अब्रू आहे त्यात."

अशा सासूला नाही कोण म्हणेल? आता रोज सकाळी पोह्यांची बशी घेऊन मी डोळे मिटून तुळशीपुढे उभी असते. पोहे गार होतात, आणि समोरच्या गॅलरीतल्या काकू मला हात जोडतात.