पवनारच्या उन्हातला पाइन

“झाडबी बाईसंगंच गेलं,” अंगणात कोणीतरी म्हणालं. मी आत चहाचे कप विसळत होते. पुष्पाआत्याला जाऊन काही आठवडेच झाले होते. “वाळलंच हाये ते,” मोठेबाबा, माझे थोरले काका, म्हणाले, “रविवारी तोडून टाकू. गाडीले जागा होते.”

ते झाड म्हणजे आत्याचा पाइन. ती पवनारला भूगोल शिकवायची. पचमढीच्या सहलीहून तिनं ते रोप डालड्याच्या डब्यात, मांडीवर घेऊन आणलं. “वर्ध्याच्या उन्हात थंड्या हवेचं झाड लावून राह्यली बाई!” गाव हसलं. लग्न न करता एकटीनं घर बांधलेल्या बाईला हसायची गावाला सवयच होती… झाड मात्र छपराच्या वर गेलं. दर उन्हाळ्यात त्याच्या सुया तपकिरी होऊन गळायच्या आणि शेजारी हळहळायला यायचे. आत्या मला झाडाखाली ओढायची. “आत नको पाहू, टोक पाय. जुनी सुई गळते, टोकाले नवी येते. सदाहरित म्हंजे गळतच नाई, असं थोडी असते!”

गळलेल्या सुया फेकणं तिच्या जिवावर यायचं. एका मे महिन्यात तिनं त्या वाळ्याऐवजी कूलरच्या जाळ्यांत ठासून भरल्या. दुपारपर्यंत पाणी चहासारखं झालं, पंप तुंबला, कूलर गुरगुरून बंद पडला. आम्ही दोघी घामाघूम. “वास तर घेऊन पाय,” ती म्हणाली, “पचमढी आली का नाई?” खरंच आली होती…

मी नागपूरच्या इंग्रजी शाळेत शिकले. माझ्या तोंडून अडखळती वऱ्हाडी निघाली की चुलत भावंडं नक्कल करायची, म्हणून चारचौघांत मी ती बोलणंच सोडलं. आत्याला ते खपत नसे. “हासतीन तर हासू दे. दात त्यायचेच दिसतीन.”

त्या दिवशी कप तसेच ठेवून मी बाहेर निघाले. वाटेत तिचा कूलर होता. जाळीच्या कोपऱ्यात अजूनही काही सुया अडकलेल्या, हात लावला तर मोडतील अशा. अंगणात येऊन वर पाहिलं. आतल्या फांद्या तपकिरी, आणि प्रत्येक टोकाला कोवळा हिरवा झुपका. सगळे माझ्याकडे बघत होते. चुलतभाऊ तर आधीच हसायला लागला होता.

“टोकं पाहा, मोठेबाबा,” मी म्हणाले. “झाड जित्तं हाये. गाडी बाहेरच राहीन.”